फोर्ट स्टिकिन आणि आमच्या वाडीतली माणसं

दरवर्षी एप्रिल उजाडला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, ‘मुंबईत सोन्याचा पाऊस पडला तो दिवस’ वगैरे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, फोर्ट स्टिकिन नावाचं मालवाहू जहाज, त्यात सोन्याच्या विटा, जहाज फुटलं आणि विटा उडाल्या. खोटं नाहीये ते, एक वीट खरंच एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली होती आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. पण मला तो मेसेज शेवटपर्यंत वाचवत नाही. आमच्या आजीचे वडील त्या गोदीत हमाल होते आणि त्या शुक्रवारी सकाळी कामाला गेले ते गेलेच. सोन्याच्या मेसेजमध्ये त्यांच्यासारख्यांबद्दल एक ओळ असते, ‘शेकडो लोक मृत्युमुखी पडले’, बस.

यंदा म्हटलं आपणच लिहू.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीला लागून. तेव्हा जमीन खोताची, आपण नुसती कसायची, भात पिकणार ते चार महिन्यांचं आणि त्यातलंही खोताचं माप आधी. बाकीचं पोट मुंबईवर. म्हणून प्रत्येक घरातला एक तरी बाप्या मुंबईला असायचाच, आणि आमच्याकडे मुंबई म्हणजे गिरणी नाहीतर गोदी. गिरणीत लागायला जॉबरची, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाची ओळख लागायची, गोदीत अंगात ताकद असली की झालं, सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, टोळीवाला ज्याच्याकडे बोट करेल तो आत, बाकीचे परत खोलीवर. टोळीवाला म्हणजे माणसं पुरवणारा ठेकेदार. काम त्याच्या मर्जीवर, पैसे त्याच्या हातून, हजेरी त्याच्या वहीत. हमालाचं नाव दुसरीकडे कुठे लिहिलेलं असेलच असं काही नाही. हे एवढं लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच अडलं.

पणजोबा गावच्या खोलीत राहायचे, दहा बाय बाराच्या एका खोलीत वाडीतले पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे, भिंतीला प्रत्येकाची एक ट्रंक आणि खुंटीला एक लोखंडी आकडा. हा आकडा म्हणजे पोती आणि कापसाच्या गाठी ओढायचं हत्यार, एका बाजूला लाकडी मूठ आणि पुढे वाकवलेलं टोक. आजी सांगायची, बापूस गावाला आला की त्याच्या उजव्या हाताच्या तळव्याला एक आडवी गाठ असायची, मुठीची, आणि ती लहान असताना त्या गाठीवरून बोट फिरवत झोपायची. फोटो नाहीये त्यांचा एकही. आमच्याकडे त्यांच्या शरीराची खूण म्हणून एवढीच गोष्ट आहे, त्या गाठीची.

आता जहाजाचं सांगतो. फोर्ट स्टिकिन १९४२ साली कॅनडात बांधलेलं, सात हजार टनांच्या वरचं जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, जिब्राल्टर, पोर्ट सैद करत कराचीला आलं. त्यात जवळजवळ १,४०० टन दारूगोळा होता, टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, शिवाय स्पिटफायर विमानं, आणि ३१ पेट्यांत सोनं. कराचीला थोडा माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत काय भरलं तर कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार. कॅप्टन अलेक्झांडर नेस्मिथ यांना हे पटलं नव्हतं पण युद्ध चालू होतं आणि जहाजात रिकामी जागा ठेवायची नाही असा खाक्या होता. कापूस आणि स्फोटकं जहाजाच्या पोटातल्या एकाच खणात, खाली-वर. शेतकरी माणूससुद्धा पेंढ्याशेजारी चूल मांडत नाही हो.

१२ एप्रिलला जहाज मुंबईला लागलं. दारूगोळ्याचं जहाज एरवी बंदराबाहेर उभं करून लहान बोटींतून माल उतरवायचे, पण घाईपायी हे सरळ व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्यावर आणलं. धोक्याचा लाल बावटाही वर नव्हता. म्हणजे शेजारच्या जहाजांवर काम करणाऱ्यांना, शेडमध्ये पोती रचणाऱ्यांना, कुणालाही कळायला मार्ग नव्हता की आपल्या बाजूला काय उभं आहे.

शुक्रवारी १४ तारखेला जेवणाच्या सुट्टीनंतर हमाल परत कामाला लागले तेव्हा दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. बंब आले, खणात पाणी मारायला सुरुवात झाली, शेवटी ९०० टन पाणी ओतलं म्हणतात, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, उलट पाण्याबरोबर जळत्या गाठी तरंगत वर वर यायला लागल्या आणि वर स्फोटकं होती. पाणी उकळत होतं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. जलपद्म नावाचं जवळजवळ चार हजार टनी जहाज पाण्यातून उचललं जाऊन त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसली. जहाजाच्या पंख्याचा एक तुकडा पाचेक किलोमीटरवर सेंट झेवियर्स शाळेच्या आवारात पडला. बारा किलोमीटरपर्यंत काचा फुटल्या. जळता कापूस आभाळातून वस्त्यांवर पडत राहिला आणि गोदीला लागून असलेली गोदामं, चाळी, झोपड्या पेटल्या. तेरा जहाजं गेली. पन्नास हजार टनांच्या वर धान्य जळालं, आणि ते सुद्धा बंगालच्या दुष्काळाला वर्ष होत नाही तोवर. ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर झाले, पन्नास हजारांचं काम गेलं. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती.

ते आठ हजार कोण होते याचाही कधी विचार करून बघा. ज्यांचं काम गेलं त्यातलेच बरेच असणार, ज्यांची माणसं त्या ढिगाऱ्याखाली होती तेही असणार.

इथे मला एक गोष्ट खुपते ती सांगतोच. आग कशाने लागली हे पक्कं कधीच ठरलं नाही, पण सांगताना सगळे सांगतात की कुठल्यातरी हमालाच्या विडीने किंवा सिगरेटने लागली असावी. असेलही लागली. पण कापसावर दारूगोळा रचणारा हात हमालाचा नव्हता, लाल बावटा न लावणारा हमाल नव्हता, भरवस्तीला लागून असलेल्या गोदीत ते जहाज आत घ्यायचं ठरवणाराही हमाल नव्हता. एवढ्या सगळ्या साहेबी निर्णयांच्या शेवटी एक विडी येते आणि गोष्ट तिच्यावरच थांबते, हे मला मान्य नाही.

स्फोटाचा धक्का पार लांब शिमल्याच्या भूकंपमापक यंत्राने नोंदवला. आमच्या वाडीला मात्र काही कळलं नाही. गावात पेपर यायचा नाही, आणि आला असता तरी उपयोग नव्हता, कारण युद्धाची सेन्सॉरशिप. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं, पण इथल्या पेपरांना बातमी द्यायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. तोपर्यंत नुसत्या अफवा. मुंबईवर जपानने बॉम्ब टाकले, अर्धी मुंबई बुडाली, ब्रिटिश पळाले, काय वाट्टेल ते. आजी तेव्हा सहा वर्षांची. तिला आठवत होतं ते असं की आई आणि सगळ्या बायका मळ्यात भाजावळीच्या कामाला होत्या, पेरणीआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायचे, म्हणजे राब भाजायचे दिवस, आणि मुंबईहून पळून आलेला एक माणूस बंदरावर उतरून खालच्या पायवाटेने वर आला, दुसऱ्या वाडीतला, त्याचे केस एका बाजूला जळलेले. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि म्हणाला ‘गोदी गेली’. कोण गेलं, कोण राहिलं, त्याला काही सांगता येईना. एवढंच परत परत, ‘गोदी गेली, गोदी गेली’.

मग वाट बघणं सुरू झालं. आणि ही वाट बघण्याची गोष्ट मला त्या स्फोटापेक्षा मोठी वाटते, कारण स्फोट काही मिनिटांचा, आणि वाट बघायला आमची पणजी जन्मभर बसली.

पणजोबांची मनीऑर्डर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात यायची. पणजीने त्या मनीऑर्डरींची खालची कुपनं जपून ठेवली होती, पत्र्याच्या डब्यात. मी बघितलीयत ती, आजीने दाखवली होती. कागद पिवळा पडून घडीवर फाटलेला, पोस्टाचा गोल शिक्का, आणि संदेशाच्या जागेत कुणाकडून तरी लिहून घेतलेली एकच ओळ प्रत्येकावर, ‘मी खुशाल आहे. शाकारणी करून घेणे.’ किंवा ‘मी खुशाल आहे. गुरांना जपणे.’ पणजोबांना लिहिता येत नव्हतं आणि पणजीला वाचता येत नव्हतं, म्हणजे मुंबईत एकजण लिहिणार आणि इथे पोस्टमन वाचून दाखवणार आणि मधल्या त्या दोघांचा संसार त्या एका ओळीवर. एप्रिलनंतर कुपन नाही. मे महिना गेला, मिरगाचा पाऊस लागला, आगबोटी बंद झाल्या. पणजी म्हणायची पावसामुळे टपाल अडलं असेल. मग म्हणायची गणपतीला येतील, चाकरमानी कुठेही असला तरी गणपतीला येतो.

गणपतीला वाडीतले दोघे-तिघे आले. त्यांनी पणजोबांची ट्रंक आणली. खोलीवर होती ती, तिला काहीच झालं नव्हतं. आत दोन धोतरं, एक सदरा, आणि आजीसाठी घेतलेल्या काचेच्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या. खुंटीवरचा आकडा नव्हता, तो कामावर बरोबर नेला होता. ट्रंक आणणाऱ्यांनी सांगितलं की स्फोटानंतर चार दिवस ते हॉस्पिटलं धुंडाळत होते, पण जिथे पणजोबांची टोळी लागली होती तिथे शोधायला काही उरलंच नव्हतं. कुठल्या शेडला ते त्या दिवशी होते हेही टोळीवाल्यालाच माहीत असणार, आणि टोळीवालाही परत दिसला नाही कुणाला.

तरी पणजीने कुंकू पुसलं नाही. मयत नाही, कागद नाही, बघितलेला माणूस नाही, मग कशावरून पुसायचं? भावकीने वर्षभर दम धरला आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दिवस घातले. त्या दिवशी तिचं कुंकू गेलं. आजी म्हणायची की आई रडली नाही, फक्त त्या पुतळ्याकडे बघून म्हणाली, ‘ह्यो माजा घोव न्हाय.’

सरकारने नुकसानीची जबाबदारी घेतली, भरपाई दिली, हे पुस्तकांत आहे आणि ते खरं आहे. ज्यांची गोदामं होती, मालाचे कागद होते, विम्याच्या पॉलिश्या होत्या त्यांना दावा मांडता आला. पणजीच्या वतीने वाडीतल्या शिकलेल्या एकाने अर्ज लिहिला. उत्तर आलं की सदर इसम त्या दिवशी कामावर होता याचा पुरावा जोडावा. पुरावा टोळीवाल्याच्या वहीत, आणि वही जळाली. संपलं.

आणि म्हणून ते सोनं मला टोचतं. ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत चार विटा, एकेक वीट साडेबारा किलोच्या वर, सगळ्याची नोंद. गोदीतला गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत अधूनमधून विटा सापडत राहिल्या आणि सापडलेली वीट ब्रिटिश सरकारला परत गेली, म्हणजे तीस वर्षांनीसुद्धा तिचा मालक कोण हे माहीत होतं. आणि मेलेली माणसं किती? कुठे वाचाल ८००, कुठे वाचाल १,३००. मधली पाचशे माणसं कोण? ती आमच्याच गावांतली आहेत, आणि यूपीकडचे भय्ये, आणि घाटावरचे, ज्यांचं नाव फक्त टोळीवाल्याला ठाऊक होतं ते सगळे.

अग्निशमन दलाचे जे जवान गेले त्यांची आठवण ठेवली जाते हे फार चांगलं आहे. ६६ जण होते, हातातले पाइप न सोडता उभे राहिलेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे, आणि १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठीच. त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा, मी त्यांच्याबद्दल वाचतो तेव्हा माझे डोळे भरून येतात. मला फक्त एवढंच म्हणायचंय की त्याच धक्क्यावर, त्याच मिनिटाला, पाठीवर पोतं घेतलेली माणसंही होती.

कोकणात रामदास बोट सगळ्यांना माहीत आहे. १७ जुलै १९४७, रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आजही अलिबागकडे म्हातारी माणसं तो विषय निघाला की गप्प होतात. ती आपली बोट होती, आपली माणसं घरी येत होती, म्हणून ते दुःख कोकणाने आपलं मानलं. फोर्ट स्टिकिन इंग्रजांचं जहाज, गोदी मुंबईची, म्हणून ते दुःख मुंबईच्या खात्यात गेलं. पण त्या खोल्यांमध्ये राहणारे कुठले होते? मनीऑर्डरी कुठल्या पोस्टात यायच्या बंद झाल्या? आमच्या एका वाडीत त्या वर्षी चार घरं बाप्याशिवाय झाली. चारही घरांतल्या बायका दुसऱ्याच्या लावणीला, गवत कापायला, लाकडाच्या मोळ्या घेऊन बंदरापर्यंत जायला लागल्या. एका घराने दागिने मोडून कर्ज फेडलं, एक घर कायमचं बंद झालं, आता तिथे नुसतं जोतं आहे आणि त्यावर करवंदीची जाळी.

आमच्या घरात आजीचा भाऊ होता, बारा वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याला मुंबईला पाठवला. आधी खानावळीत भांडी घासायला, आणि अंगात जरा जोर आल्यावर, दुसरीकडे कुठे? गोदीत. त्याच गोदीत. पणजीने नको म्हणून हात जोडले होते, पण दुसरं काम देणारं कुणी नव्हतं. तोपर्यंत मात्र काळ थोडा बदलला होता, १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा आला, पुढे डॉक लेबर बोर्ड झालं, युनियन झाली, आणि आजीच्या भावाला एक कार्ड मिळालं, त्यावर त्याचा फोटो आणि नंबर. आम्ही त्यांना मामा आजोबा म्हणायचो. रिटायर होऊन गावी आल्यावरही ते कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. लहानपणी मी एकदा विचारलं की आता कशाला लागतं हे, तर म्हणाले, ‘माझ्या बापाकडे नव्हतं.’ एवढं बोलून विडी पेटवायला बाहेर पडवीत गेले.

आजी गेल्यानंतर मी हे सगळं लिहून काढायला घेतलं. आधी मुंबईत शोधलं, यादी मिळते का बघायला, आणि त्यात पणजोबांचं नाव नव्हतं. मग उलट्या बाजूने सुरुवात केली, गावागावांतून. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की तुमच्याकडे गोदीत गेलेलं कुणी होतं का. गंमत म्हणजे स्फोट म्हटलं की लोकांना आठवत नाही, पण ‘पुतळा केला होता का कुणाचा’ असं विचारलं की लगेच आठवतं, कारण तसले दिवस घातलेले घर गाव विसरत नाही. आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्या मिळून एका शाळेच्या वहीत सतरा नावं जमली आहेत. काहींचं पूर्ण नाव आहे, काहींचं फक्त ‘अमक्याचा थोरला’ एवढंच. आमच्याकडे पणजोबांच्या नावापुढे गाव, वाडी, वय अंदाजे बत्तीस आणि काम गोदी, हमाल, असं लिहिलंय.

खाडीपलीकडच्या गावांत अजून जायचं राहिलंय. तिथल्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत, नव्वदीला आलेत, त्यांचे सख्खे चुलते त्या दिवशी गोदीत होते असं फेरीबोटीवरच्या मुलाने सांगितलं. पुढच्या रविवारी येतो म्हणून निरोप पाठवलाय. चाचांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या सूनबाई बाजूला बसून प्रश्न परत मोठ्याने विचारणार आहेत, आणि वही मी बरोबर नेतोय.